दारावरची फुली

मिशन दवाखाना, जिल्हा नगर
१९ ऑगस्ट १९५६

दादा,

आन बाटगा म्हणायचं असन तं तोंडावर म्हणा, पोस्टकार्डावर लिहू नका. इथला पोस्टमन आधी वाचते, मंग देते. तवापासून सारा दवाखाना मले "काय रे बाटग्या" म्हणून हाका मारून राह्यला. हाका मारणारे निम्मे सोताच ख्रिस्ती आहेत, त्यायले लय मजा वाटते.

मी बाप्तिस्मा घेतला नाई. हे तुमाले आधीबी लिहिलं. मी पंप चालवतो, टाकीत पाणी चढवतो, पगार घेतो. वणीच्या कापसाच्या जिनात टिकलो नाई, पुसदच्या सडकेवर टिकलो नाई, मनमाडच्या यार्डात मुकादमाशी भांडून पळालो, हे सारं खरं. माझ्या पायाले भोवरा आहे हे आईच म्हणे. पण इथं टिकून राह्यलो तं तुमच्या पोटात काऊन दुखते?

पण भांडण ते नाई. भांडण अक्काचं आहे. कार्डाच्या खाली जागा उरली म्हून लिहावं तसं तुमी लिहिलं, की सोजराले मळ्यातल्या खोपडीत ठेवलं, गावात बोलणं होऊन राह्यलं. आपली सख्खी मोठी बहीण, दादा. तिले खोपडीत ठेवलं आन एक ओळ लिहिली!

काय तर म्हणे चंपतराव पाटलाच्या सुनेच्या, कुसुमच्या, पाठीवर फुल्या उठल्या. वलणीवरचं लुगडं आपोआप पेटलं. भगतानं सांगतलं ही भानामती आहे, पांढऱ्या कपाळाच्या बाईनं केली. गावात पांढऱ्या कपाळाची काय अक्का एकटीच आहे? रझाकारीच्या सालात किती कपाळं पांढरी झाली ते चंपतरावालेच विचारा. दाजी त्याच सालात गेले. तवा हाच चंपतराव आपल्यासंग पैनगंगा उतरून पळाला, आन अक्काच्या हातची भाकर खाऊन जगला. तवा त्याले भाकरीतून भानामती नाई लागली?

म्या इथल्या सिस्टरले विचारलं. ती म्हणे बिबे फोडताना तेल उडते, त्यानं चामडी उतते. बस, हीच तुमची भानामती. पण हे तुमी कोणाले सांगणार नाई, मले माहीत आहे.

सांजच्याले इथं पाळक यशवंतराव येतात. पाळक म्हणजे आपण पादरी म्हणतो ते. धोतर नेसतात, काळा कोट घालतात, मराठीच आहेत. वॉर्डाच्या दारात उभे राहून म्हणतात, बापा, वाइटापासून यायले राख. मले आधी वाटे हाबी भगतच. पण हा कोणाचं नाव घेत नाई, लिंबू कापत नाई, कोंबडं मागत नाई. मले पंपाच्या खोलीत अंधार पडला की भेव वाटे, रझाकारीपासून वाटे. आता कमी वाटते. बस एवढंच झालं आहे मले, याले बाटणं म्हणत असाल तं म्हणा.

अक्काले इकडं पाठवा. बायांच्या वॉर्डात झाडलोटीचं काम आहे. उत्तर पाकिटात द्या.

फकिरा


मांडवखेड, तालुका बोथ, जिल्हा आदिलाबाद
९ सप्टेंबर १९५६

फकिरास अमृतरावाचा आशीर्वाद.

पाकीट पोचलं. पोळा झाला. बैलायचं बरं आहे, माणसायचंच अवघड आहे.

तू तिथं नळाच्या पाण्यावर बसून लिहितो, मले इथं गावात राहावं लागते. सोजराले मी हाकललं नाई. तिनं विहिरीवर घागर लावली की बाकीच्या बाया आपल्या घागरी ओतून देत. एक दिवस कोणी तरी गोटा मारला. म्हून मळ्यात ठेवली. तिथं आपली विहीर आहे, कोणाच्या तोंडाले लागायचं कारण नाई. मी रोज जातो. तुझी वहिनी भाकर देते.

चंपतरावाचंबी आईक. कुसुम पोटुशी आहे. पहिलं गेलं, आता हे दुसरं. पाठीवर एवढ्याल्या फुल्या, काळ्या, कोणी कोळशानं काढाव्या तशा. म्या डोळ्यानं पाह्यल्या. बिब्याचं तेल उडन तं थेंब उडन, फुली कशी उडन? तुझ्या सिस्टरले हे विचार.

तुझं पत्र सोजराले वाचून दाखवलं. तिनं सांगतलं ते तसंच लिहितो: "फकिरा, तुझ्या देवाले आपली बोली समजते का साहेबाचीच लागते? आन राख राख म्हणतं ते राखण करणारं राख का चुलीतली राख? चुलीतली पाहिजे असन तं आमच्याकडं ढिगानं आहे, टोपलं भरून धाडते." असं म्हणून हसली. लय दिवसांनी हसली. मंग म्हणाली, "ते पादरीबाबा म्हणतात ते सारं लिहून पाठव म्हणा. खोपडीत रातच्याले कोल्हे ओरडतात."

आता माझं विचारणं. वाईट कोण हे नाव घेतल्याशिवाय तुझा देव राखणार कसा? त्याले माहीत नाई का सांगत नाई? आमचा भगत निदान नाव तं सांगते.

तिले तिकडं पाठवणार नाई. माझी रेणुका लग्नाची झाली. आत्या मिशनात गेली म्हटलं की सोयरीक कोण करन? दिवाळी होऊ दे. मारुतीपुढं पाच माणसात सोजरानं शपथ घेतली की बोलणं मिटन, असं चंपतराव सोता म्हणाला आहे.

दिवाळीलेच आपला जिल्हा आंध्रात जाणार असं तहसिलीत बोलतात. राजुरा तिकडं मुंबईकडं आन आपण इकडं. उर्दूत दरख्वास्त लिहिता लिहिता म्हातारे मेले, आता तेलुगू शिका म्हणतात.

अमृतराव


मिशन दवाखाना
७ ऑक्टोबर १९५६

दादा,

वर कोपऱ्यात काढलं आहे तो क्रूस. इथं दरएक दारावर असते. अक्काले म्हणा दिवाळीले खोपडी सारवशीन तवा चुन्यानं दारावर काढ. त्याच्यासमोर उभी राह्य आन खाली लिहितो ते म्हण. बोली कोणतीबी चालते, म्या पाळकाले खास विचारलं. ते म्हणाले, "तुझ्या अक्काची बोली त्याले माझ्याआधी येते."

म्हणायचं ते असं:

बापा, मी निजते ती तुझ्या भरवशावर. दाराशी जे उभं आहे ते मले दिसत नाई, तुले दिसते. वाइटापासून मले राख. मलेबी वाईट होऊ देऊ नको.

शेवटची ओळ पाळक दोनदा म्हणतात. म्या विचारलं काऊन. म्हणाले, एकदा म्हणून आपलं आपल्यालेच आईकू येत नाई.

अक्काले सांगा, कोल्हे ओरडले तरी म्हणायचं, माणसं ओरडली तरी म्हणायचं. मी इथं त्याच वक्ती तिच्यासाठी म्हणतो, पंप बंद केला की. म्हणजे दोघायचं एकदम पोचन.

तुमचं विचारणं म्या पाळकाले सांगतलं. ते म्हणाले, नाव घेतलं की माणूस सापडते, वाईट सापडत नाई. मले हे पुरतं समजलं नाई, पण बरं वाटलं.

आता तुमच्या चंपतरावाले माझ्याकडून सांगा. पाच माणसात शपथ घ्यायले लावायची असन तं आधी त्यानं घ्यावी, की पैनगंगेच्या पल्याड अक्कानं त्याच्या आजारी मायले पाठीवर नेलं नव्हतं. हरामखोर आहे तो. त्याच्या भगताले म्हणा तुझी दाढी पंपाच्या पट्ट्यात अडकवतो. हे वाक्य वाचून दाखवजा, गाळू नका.

फकिरा


मांडवखेड
२ डिसेंबर १९५६

फकिरास आशीर्वाद.

उत्तराले उशीर झाला. कापूस वेचणीत होतो. भाव बरा नाई.

आपण आंध्रात गेलो. बोथच्या बाजारात झेंडे लावले होते. गुडीहत्नूरच्या सडकेनं मोटारी भरभरून आदिलाबादेले गेल्या. गावात काई फरक नाई. नवीन कागद येतात, वाचणारा पाहावा लागते.

सोजरा बरी आहे. बोलत नाई फार. तिच्या दाताचं दुखणं झालं होतं, आता सूज उतरली.

तू पत्रात चिन्हंबिन्हं काढून पाठवू नको. साधं लिही. कामावर टिकून राह्य.

अमृतराव


मिशन दवाखाना
१६ डिसेंबर १९५६

दादा,

कार्ड पोचलं. अक्काचा दात दुखते तं लवंगाचं तेल कापसाच्या बोळ्यावर ठेवा, आन मिठाच्या पाण्यानं खळखळून चूळ भरायले सांगा. इथं दातांचा डॉक्टर महिन्यातून एकदा येते, त्याच्या कंपाउंडरनं सांगतलं. दात किडला असन. आईचेबी असेच किडले होते.

इथं नाताळाची तयारी चालू आहे. मी टाकीवर चढून कागदाची चांदणी बांधली. खाली सारे ओरडून राह्यले, पडशीन बे बाटग्या. लय हसलो. अक्का असती तं तिनं खालून शिव्या देल्या असत्या.

पण दादा, तुमचं कार्ड म्या कितीदा वाचलं. त्यात अक्काचा एक शब्द नाई. मागच्या खेपेले तिनं राखेची गंमत केली, तुमी लिहून पाठवली. या खेपेले "बोलत नाई फार". अक्का आन बोलत नाई? ती झोपीत बोलते. शपथ झाली का नाई? कुसुमले काय झालं, पोरगा का पोरगी? दारावर क्रूस काढला का? चिन्ह पाठवू नको म्हणता, कोणी काई बोललं का?

मी रोज पंप बंद करून म्हणतो. ती म्हणते का, एवढं तरी विचारून लिहा.

नाई लिहिलं तं संक्रांतीले मी सोता येतो. दवाखाना सुटी देवो न देवो.

फकिरा


मांडवखेड
६ जानेवारी १९५७

फकिरा,

येऊ नको. हे वाचल्यावर तुले यावंसं वाटन म्हून आधीच लिहितो. येऊ नको.

तुझ्या ऑक्टोबरच्या पत्राचा वरचा कोपरा म्या फाडला आन तेवढाच सोजराले देला. खाली पाटलाले शिव्या होत्या, तो कागद खोपडीत कोणाच्या हाती लागला असता तं? म्हणायचं ते तिले तोंडपाठ करून देलं. दोन सांजांत तिचं पाठ झालं. पण नुसत्या कोपऱ्यावर वर कोणतं आन खाली कोणतं हे तिले काय समजणार. तिनं कागद तिरपा धरला असन. दिवाळीले सारवलं, चुना लावला, दारावर काढलं. म्या पाह्यलं. मले त्यात काई दिसलं नाई. खोटं कायले लिहू, दिसलं. वाटलं आता कोण येते मळ्यात पाहाले.

भाऊबीजेले तिनं मले ओवाळलं. शपथ व्हायच्या आधी, त्याच राती कुसुमचं पडलं. पोरगा होता.

सकाळी सारे मळ्यात आले. चंपतराव अनवाणी होता, रडत होता. कोणी दाराले हात लावायच्या आधी भगतानं दार दाखवलं. म्हणे पाहा, हिनं सोताच्या हातानं सही केली. दारावर तुझा क्रूस नव्हता, फकिरा. फुली होती. कुसुमच्या पाठीवर होती तशीच.

म्या सांगतलं हे माझ्या भावाच्या देवाचं चिन्ह आहे, त्यानं नगराहून पाठवलं, राखणीचं आहे. भगत म्हणाला, "म्हणजे शिकवणारा तिकडं आहे म्हणा की." कोणी हसलं नाई. हसले असते तं बरं झालं असतं.

कोणी म्हणे खोपडीसकट पेटवा. चंपतराव म्हणाला, "जीव घेऊ नका. दात पाडा. तोंडातून मंतर धड निंघाला नाई पाहिजे, बस." भगतानं हो म्हणून मान हालवली. मंग चंपतरावानं माझ्याकडं पाह्यलं. "अमृता, तू धर. तू धरशीन तं ती हालणार नाई."

म्या धरली.

नाई धरली असती तं पेटवलं असतं. हे मी मले रोज सांगतो. ती हालली नाई. माझ्याकडं पाहूनबी हालली नाई. गोट्यानं पाडले, समोरचे वरचे आन खालचे. पाडेपर्यंत ती काई तरी म्हणत होती. लोकायले वाटलं मंतर, म्हून घाई केली. ते तुझं होतं. "राख" एवढं मले आईकू आलं.

मी ठाण्यात गेलतो. लगेच नाई, नंतर. जुना अमीन, म्हणजे फौजदार, बदलून गेला, नव्याले आपली बोली येत नाई, माझी तेलुगू बाजारापुरती. पण माणूस बरा होता. खुर्ची देली, हातानं खुणा करून विचारलं, कोणी मारलं? नावं सांगायची म्हणजे धरणाराचंबी सांगावं लागलं असतं. म्या म्हणलो, पडली.

आता ती खोपडीतच आहे. पेज पिते. गावानं बोलणं बंद केलं, म्हणे विष निंघालं, आता तिले त्रास द्यायचा नाई. चंपतरावाच्या घरून ज्वारीचं पीठ येते. सांजच्याले दाराकडं तोंड करून बोलते. दार म्या धुऊन टाकलं आहे, त्यावर काई नाई. काय बोलते ते समजत नाई. तोंडातून नुसती हवा निंघते.

तुले काई सांगायचं का विचारलं. तिनं बराच वेळ काई तरी सांगतलं. म्या तीनदा विचारलं. मंग तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला आन आत गेली.

अमृतराव


मिशन दवाखाना
२० जानेवारी १९५७

अमृतराव,

तुमचं पत्र आलं त्या दिवशी टाकी भरून वाहून गेली, बायांच्या वॉर्डात पाणी शिरलं. मले समजलंच नाई पंप चालू आहे.

इथं येता-जाता दारावर, भिंतीवर, बायांच्या गळ्यात क्रूस पाहतो. क्रूस क्रूस म्हणता म्हणता मी फुली इसरलो. लहानपणी फुली दिसली की आई आमाले घरात घ्यायची, मी थुकायचो, ते सारं इसरलो. तुमी कोपरा फाडला हे खरं, पण काढून म्या पाठवला.

पाळकाले पत्र वाचून दाखवलं. ते पंपाच्या खोलीत तेलाच्या डब्यावर बसले. म्या विचारलं, ती म्हणत होती तवा तुमचा बाप कुठी होता? म्हणाले, "मले माहीत नाई, फकिरा." दुसरं काई बोलले असते तं म्या त्यायले मारलं असतं. रात झाली तरी बसून राह्यले, कोट तेलानं खराब झाला.

दोन सांजा म्या म्हणलं नाई. मंग पुन्हा म्हणू लागलो. देवावर भरवसा आला म्हून नाई. अक्का तिकडं बिनदाताच्या तोंडानं म्हणत असन, तं तिनं एकटीनं काऊन म्हणावं.

तुमी विचारलं होतं, वाइटाचं नाव काऊन घेत नाई. आता मले नावं माहीत आहेत. त्यातलं एक आपल्या घरचं आहे. सांजच्याले सारे जण आपापल्या माणसायची नावं घेतात, याले राख, तिले राख. तुमचं नाव माझ्या तोंडातून निंघत नाई. जोर लावून पाह्यला. वहिनीचं निंघते, रेणुकाचं निंघते. "मलेबी वाईट होऊ देऊ नको" म्हणताना हात पंपाच्या लोखंडी पान्ह्यावर जाते, आन तो घेऊन मी मांडवखेडले येतो असं दिसते. म्हून मी येत नाई. तुमी म्हणलं म्हून नाई.

आता कामाचं आईका.

अक्काले आदिलाबादेहून गाडीत बसवा. मधी गाडी बदलावी लागते, आन तिले कोणाले विचारता येणार नाई, म्हून तुमाले संग यावं लागन. मनमाडपर्यंत या. पुढं येऊ नका. मी फलाटावर असन. माझ्याशी बोलू नका, तिचं गाठोडं द्या आन उलट्या गाडीत बसा. इथं मोठ्या सिस्टरनं जागा देली आहे, बायांच्या वॉर्डाच्या मागं. दातांच्या डॉक्टरले विचारलं. तो म्हणे हिरड्या भरू द्या, मंग कवळी बसवून देतो, सहा महिन्यात बोलन. तिचं बोलणं आल्यावर तिनं तुमाले काय सांगतलं होतं ते मी लिहून पाठवीन, ते काईबी असो.

रेणुकाच्या सोयरिकीची काळजी असन तं गावात सांगा सोजरा मेली. तेरवीचं जेवण घाला. चंपतराव पहिला येऊन बसन.

पैसे तुमच्या नावानं पाठवत नाई. मनीऑर्डर तिच्या नावानं केली आहे, सोजरबाई, मळ्यातली खोपडी, असंच लिहिलं. पोस्टमनले मळ्यात न्या. अंगठा तिनंच लावला पाहिजे, तुमी तिचा हात धरायचा नाई. अंगठा लागला की ती पावती माझ्याकडं परत येते. आली की मी मनमाडले येऊन बसतो. नाई आली तं मी पान्हा घेऊन येतो.

तिकिटं, वाटेतलं खाणं आन तिच्यासाठी एक घोंगडी, असे मिळून रुपये छत्तीस.